निरोप आला नाही

"मग सही अडलीय कुठे, बाई?"

शार्दूल भोईटेनं कागद टेबलावर जवळजवळ आपटलाच.

ताम्हाणेबाईंनी त्याला कॉलेजात शिकवलं होतं. आता या पूर-अंदाज केंद्रातही तो त्यांच्याच हाताखाली आला होता. नदी किती चढेल याचं गणित इथे दोनशे संगणक मिळून मांडत. त्यांच्या नेटवर्कमध्ये कुठे काही बिघडलं की तत्काळ फोनवर निरोप यावा, अशी सोय शार्दूलनं महिनाभर खपून केली होती. चाचणीपुरती ती चालू होती; कायमची सुरू करायला बाईंची सही हवी होती.

बाई कागद वाचत राहिल्या.

"गेल्या श्रावणात नेटवर्क तुटलं, तीन तास कुणाला पत्ता नाही," तो म्हणाला. "काठावरची गावं अंदाजाची वाट बघत बसली. त्या दिवशी ड्यूटीवर तुम्हीच होतात ना?"

बोलून गेल्यावर त्याचे कान तापले. पण शब्द मागे घ्यायला तो तयार नव्हता.

"मीच होते."

बाई उठल्या, काचेपलीकडच्या गार खोलीत गेल्या. उन्हाळ्याचे दिवस; संगणकांवर नुसता सराव चालला होता. त्यांनी कपाटामागची एक जाड निळी केबल उपसली आणि ती हातात धरून उभ्या राहिल्या.

शार्दूलनं फोन पाहिला.

एक मिनिट… पाच मिनिटं…

"निरोप त्याच केबलवरून बाहेर जातो," तो पुटपुटला. मग उसळला, "पण हा डाव झाला! सगळीकडे असंच लावतात!"

"गेल्या श्रावणातही असंच लावलेलं होतं."

"…मग?"

"निरोप आला नाही. सगळं ठीक आहे म्हणून मी चहा घेत बसले."

शार्दूलनं कागद उचलला आणि टराटरा फाडला.

"मी नाही बसणार!"

चार दिवस त्यानं कुणाला धड उत्तर दिलं नाही. पाचव्या दिवशी दाढी वाढलेली, डोळे लाल, असा तो बाईंपुढे उभा राहिला. हातात नवा कागद.

"ओढा केबल. कुठलीही ओढा."

फाटकाजवळच्या चौकीत त्यानं वेगळ्या सिमकार्डाचा एक जुना फोन ठेवला होता. दोनशे संगणकांनी दर मिनिटाला त्याला 'आहे' म्हणायचं. 'आहे' ऐकू आलं नाही, की त्यानं बोंब मारायची.

बाईंनी केबल ओढली.

मिनिट भरायच्या आत शार्दूलचा फोन खणखणला.

"आता?" त्यानं छाती पुढे काढली.

बाईंनी सही केली. पेनाला टोपण लावता लावता विचारलं, "तो चौकीतला फोनच बंद पडला तर?"

"त्याच्यावर दुसरा ठेवीन!"

"त्याच्यावर?"

"तिसरा!"

"आणि त्याच्यावर?"

शार्दूलनं तोंड उघडलं…

…आणि मिटलं. खाली मान घालून त्यानं कागद घेतला आणि दाराकडे वळला.

"शार्दूल," बाईंनी हाक मारली. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "असा गप्प होऊ नकोस. भांड माझ्याशी."