हौसाचा ढगळ जोडा

एक होता राजा. त्याचं राज्य होतं उंच माळावर. इतकं उंच, की मेंढ्या वर चरायच्या आणि ढग खाली. राज्याच्या उगवतीला एक खिंड होती. सूर्य रोज त्या खिंडीतूनच वर यायचा. दुसरी वाटच नव्हती त्याला.

एकदा काय झालं, पौष महिन्यात थंडीबाई आली. तशी ती दरवर्षीच यायची. कुणाच्या गोठ्यात डोकवायची, कुणाचं दार वाजवायची आणि निघून जायची. पण त्या वर्षी ती खिंडीतल्या सपाट कातळावर उभी राहिली, ती हलेचना. मग सूर्य आला. बघतो तर वाटेत म्हातारी. लाजला बिचारा आणि खाली गेला. पुन्हा डोकावला, पुन्हा गेला. झालं! पहाट झाली ती झालीच, पुढं सकाळ होईना. दही लागेना. शाळूचं कणीस दाणा धरेना. कोंबड्याचा आरवून आरवून घसा बसला.

मग राजा खिंडीत गेला. हात जोडून म्हणाला, “थंडीबाई, वाट सोडा.”

ती म्हणाली, “माझ्या शेजारी या कातळावर उभं राहा. ज्याचा पाय आधी उचलला जाईल तो हरला. मी हरले तर जाईन. तुम्ही हरलात तर दगड होऊन इथंच राहायचं.”

राजानं पुढं टाकलेलं पाऊल मागं घेतलं आणि दवंडी पिटली. राजे लोक तेच करतात, बरं का.

पहिला गेला म्हाळू. वेशीवरचा रखवालदार, अंगानं बैलासारखा आणि मनानं भोळा. त्याची बायको हौसा बैलावर घोंगड्या लादून बाजारोबाजार विकायची. ती तेव्हा दूरच्या बाजारात होती, नाहीतर तिनं त्याला जाऊच दिलं नसतं. खिंडीतला कातळ देवाचा. म्हणून म्हाळूनं काय केलं? वहाणा घरी ठेवल्या, वाटेतल्या ओढ्यात पाय स्वच्छ धुतले, आणि तस्साच ओल्या पायांनी कातळावर चढला. भक्ती चांगली, पण पाय पुसायचे राहिले. थंडीला ओला पाय म्हणजे उघडं दार. ती तळव्यातून शिरली, गुडघ्यात पोचली. म्हाळूनं कळवळून पाय उचलला आणि त्याचा दगड झाला.

मग गेले सर्जेराव, राजाचे मेहुणे. म्हणाले, “मी काही अनवाणी जाणारा नव्हे!” त्यांनी पायांना रेशमी पट्टी गुंडाळली. तिच्यावर लोकरीची. तिच्यावर मखमली. मग जोडा जाईना. दोघांनी मेहुण्यांना धरलं, तिसऱ्यानं जोडा ओढला, तेव्हा कुठं बसला. आता सांगा, ऊब म्हणजे पाहुणी. तिला बसायला जागा नको? आमच्या जोड्यांच्या दुकानात एक मास्तर यायचे. घट्ट जोडाच मागायचे. सैल जोडा गबाळा दिसतो म्हणायचे. मी म्हणायची, “मास्तर, पाय तुमचा, दिसतो लोकांना, पण ठणकतो कुणाला?” ऐकायचे नाहीत. हिवाळाभर लंगडायचे. तसंच झालं सर्जेरावांचं. आवळलेल्या पायात रक्त फिरेना, मुंग्या आल्या. त्या झटकायला गेले आणि झाले दगड.

इतक्यात हौसा बाजारातून आली. नवऱ्याचं कळलं. रडली, पदरानं डोळे पुसले आणि कामाला लागली. आधी चुलीपुढं बसून पाय चांगले कोरडे केले, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. मग म्हाळूचा जुना जोडा घेतला. तिच्या पायाला तो चांगलाच ढगळ. त्यात तिनं सुटी लोकर भरली, दाबून नाही, पिंजून. डोक्याला, कानाला फडकं बांधलं. खांद्यावर घोंगडी टाकली. काखेत वाळल्या गवताची पेंढी घेतली आणि निघाली.

सर्जेरावांच्या दगडाजवळ राजा उभा होता. म्हणाला, “बाई, हा कसला अवतार?”

“महाराज, मला वरातीत नाही जायचं,” हौसा म्हणाली.

तिनं कातळाला हात लावून नमस्कार केला. “देवा, पायताणासकट आले, राग धरू नकोस. नवरा घेऊन जाते.” मग गवत पसरलं आणि त्यावर उभी राहिली.

थंडीबाईनं पहिली फुंकर घातली ती डोक्यावरून. पण कान बांधलेले. दुसरी फुंकर दवाची. दव घोंगडीवरून ओघळून गेलं. मग तिनं तिसरी फुंकर कातळाखालून घातली. ती मोठी वाईट, बरं का. थंडी वाऱ्यातून येते असं सगळ्यांना वाटतं, पण पायाला खाते ती जमीन. फुंकर आली, गवतात अडकली, लोकरीत अडकली. हौसा जोड्यातल्या जोड्यात बोटं हलवत राहिली.

“ए, हलतेस काय?” थंडीबाई ओरडली.

“बोटं हलतात, आजी. पाय आहे तिथंच आहे. बोटांचं काही ठरलं नव्हतं.”

पण गवत हळूहळू दबत चाललं. गारठा घोट्यापर्यंत आला. हौसानं शेजारच्या दगडाकडं पाहिलं. म्हाळूच्या गालावर दव साचलं होतं. आता आपलाही दगड होणार, तिला वाटलं. तिनं मान खाली घातली.

आणि तिची नजर गेली थंडीबाईच्या पायांकडं. विकणाऱ्या माणसाची नजर ती, समोरच्याकडं काय नाही ते टिपणारच. पाय अनवाणी. टाचांना भेगा, बोट जाईल एवढ्या.

“अगंबाई! आजी, तुमच्या पायांत काहीच नाही?”

“कोण घालणार? मी आले की लोक दार लावतात.”

“म्हणून इथं येऊन उभ्या राहिलात होय?”

थंडीबाईनं नाक ओढलं.

हौसानं खांद्यावरची घोंगडी काढली. दाताखाली धरून टर्रकन फाडली, दोन तुकडे केले. जोड्यातली लोकर थोडी उपसली, तुकड्यांवर पसरली. आता वारा थेट तिच्या पाठीत शिरत होता. तशीच ती कंबरेत वाकली. पाय मात्र जागचे हलवले नाहीत.

“आणा बघू पाय इकडं,” ती म्हणाली.

आणि थंडीबाईनं पाय पुढं केला.

केला, बरं का! उचलून पुढं केला! राजा ओरडला, “हरली, हरली!” पण हौसा काही थांबली नाही. तिनं तो पाय सैलसर गुंडाळला, गवताच्या पेंढीच्या सुंभानं बांधला. मग दुसराही गुंडाळला. गिऱ्हाइकाला एका पायाचा जोडा देऊन कुणी घालवतं का?

थंडीबाईनं एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. “उबदार आहे गं,” म्हणाली आणि कातळावरून खाली उतरली. मग खिंडीतून सूर्य वर आला. ऊन पडलं, तसे दगड विरघळले. सर्जेराव उठले ते आधी जोडा काढा म्हणून बोंबलायला लागले. म्हाळू डोळे चोळत म्हणाला, “हौसा, मी तर पाय धुऊन आलो होतो!”

“पुसून कोण येणार होतं?” असं म्हणत तिनं पदरानं त्याचे पाय पुसले आणि ढगळ जोडा त्याच्याच पायात चढवला.

तेव्हापासून थंडी येते ती घोंगडीच्या पावलांनी. म्हणून तर तिची चाहूल लागत नाही. येते, उन्हात बसते, आणि वेळेवर जाते. राजाच्या राज्यात दही लागलं, शाळू भरला, म्हाळू आणि हौसा सुखात राहिली.

चला, पाय बघू सगळ्यांचे. कोरडे आहेत? मग घ्या गोधडीत. ओढू नका घट्ट, उबेला जागा ठेवा. आणि मिटा डोळे.