मांडा आणि खांदा

खूप खूप वर्षांपूर्वी एका नदीकाठच्या गावात मांडे करणारी एक बाई राहायची. तिचं नाव मैनाबाई. पुरण भरलेली कणीक दोन्ही हातांवर झुलवत ती एवढी मोठी करायची, की चुलीवरचं पालथं खापर त्या मांड्याखाली झाकून जायचं. गावात कुणाचंही लग्न ठरो, भटजींच्या आधी मैनाबाईला निरोप जायचा.

कणकेपुढे मैनाबाई गरीब गाय आणि बाकी सगळ्यांपुढे वाघीण. सगळ्यात जास्त डाफरायची ती स्वतःच्या अंगावर. पाठ दुखली की म्हणायची, "गप पड! लाड करायला मला वेळ नाही."

आणि नेमकं तिच्या लेकीचं, ठकूचं लग्न तोंडावर आलं असताना तिचा उजवा खांदा धरला. हात कानापर्यंतही जाईना. मैनाबाई चरफडली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकींसाठी मांडे केले, आणि आपल्याच लेकीच्या पंगतीला परक्या हातचे वाढायचे?

"आत्ता सरळ करते याला!" म्हणत ती कडुलिंबाच्या फांदीला लोंबकळली. खांदा आणखी आखडला. मग तालमीतल्या पहिलवानाकडून हात ओढून घेतला, तेव्हा तिची किंकाळी नदीपलीकडे ऐकू गेली. नवरा बिचारा तेलाची वाटी घेऊन मागेमागे फिरत होता. पण त्याला जवळ येऊ देईल ती मैनाबाई कसली!

ठकू हे सगळं बघत होती. दुसऱ्या दिवशी तिनं कणीक मळली, गोळा हातावर घेतला आणि दिला एक हिसका. कणकेला भलंमोठं भोक पडलं.

"अगं भवाने, हिसडतेस काय?" मैनाबाई ओरडली. "आधी तिला मुरू दे, मऊ होऊ दे. मग हलक्या हातानं सैल कर. ती नको म्हणाली की थांबायचं."

"कणकेचं एवढं ऐकतेस, आई. मग त्या खांद्यानं तुझं काय घोडं मारलंय?"

मैनाबाईला आधी रडू आलं आणि रडतारडता हसूही आलं.

त्या दिवसापासून नवरा सकाळच्या उन्हात तिच्या खांद्याला कोमट तेल चोळू लागला. मग ती भिंतीपाशी उभी राहायची आणि सावकाश श्वास सोडत, भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायची. ताण बरा वाटेल तिथपर्यंतच. तिथं जरा थांबायची आणि हात अलगद खाली आणायची. "दुखलं नाही ना रे?" असं खांद्याला विचारायचीसुद्धा.

"मला कधी इतक्या मायेनं विचारलं नाहीस," नवरा म्हणायचा.

हळूहळू हात डोक्याच्या वर जाऊ लागला.

लग्नाच्या दिवशी पंगत बसली आणि मांडे करताकरता मध्येच खांदा आवळू लागला. पूर्वीची मैनाबाई दातओठ खाऊन रेटत राहिली असती. आज तिनं गोळा खाली ठेवला, भिंतीपाशी गेली आणि डोळे मिटून हात वर चढवू लागली.

"अहो विहीणबाई, मांडे कुठे अडले?" व्याह्यांनी हाक दिली.

"येतायत!" मैनाबाई शांतपणे म्हणाली. "घाई केली तर मांडाही फाटेल आणि मीही."

मांडे जरा उशिरा आले, पण प्रत्येक पानावर आले.

पाठवणीच्या वेळी ठकू हुंदके देत समोर आली. मैनाबाईनं दोन्ही हात उचलले आणि लेकीला घट्ट कवेत घेतलं. गाडीवान दोनदा खाकरला, तरी तिनं काही सोडलं नाही.

तात्पर्य: अंगावर डाफरलं की ते हट्टाला पेटतं. श्वास सोडत, त्याचं ऐकत, हलकेच ताणलं की तेच आपलं ऐकू लागतं.