दारातली तार आणि वाऱ्यातला कंदील

डोंगराच्या खिंडीखाली एक गाव होतं, आणि त्या गावात कंदील घडवणारा एक कारखानदार राहत होता. विसोबा त्याचं नाव. कारखाना इवलासा, बोटांवर मोजण्याइतकी माणसं, पण काम चोख. खिंडीतून ये-जा करणारे बैलांचे तांडे त्याच्याकडूनच कंदील घेत.

विसोबाच्या दारात एक तार बांधलेली होती. कुणाचा कंदील फसला, की विसोबा त्यावर कोळशानं त्याचं नाव लिहून तो तारेवर टांगायचा. हेतू वाईट नव्हता बरं का. एकाची चूक दुसऱ्यानं करू नये, एवढंच. पण रस्त्यानं जाणारे थोडेच गप्प बसणार? "आज कुणी दिवे लावले हो?" म्हणून खो-खो हसायचे. ज्याचं नाव असे, तो बिचारा मान खाली घालून फिरायचा.

एकदा तांड्याचा नाईक आला तो पडल्या चेहऱ्यानंच. खिंडीतल्या वाऱ्यानं कंदील विझला होता आणि त्याचा एक बैल कड्यावरून पडता पडता वाचला होता. तो म्हणाला, "जत्रेपर्यंत वाऱ्यात टिकेल असा कंदील द्या, विसोबा. नाहीतर आम्ही शहरातल्या मोठ्या कारखान्याकडं जाऊ."

विसोबा मनाशी हिशोब करू लागला. तांडे गेले तर कारखान्याला कुलूपच, मग एवढ्या घरांच्या चुली कशा पेटणार? त्यानं सगळ्यांना बोलावलं आणि नवा कंदील करील त्याला चांदीचं कडं कबूल केलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुन्हा जुनाच कंदील घडवायला बसले. जत्रा तोंडावर आली तरी तेच. विसोबानं आदळआपट केली, सगळ्यांना आळशी ठरवलं आणि शेवटी स्वतःच कामाला लागला.

वारा आत शिरू नये म्हणून त्यानं कंदिलाची सगळी भोकं बुजवली आणि मोठ्या ऐटीत सगळ्यांसमोर पेटवला. ज्योत जरा वेळ तगमगली, काच काळीठिक्कर पडली आणि दिवा फुस्स.

कुणी हसलं नाही. सगळ्यांचे डोळे मात्र तारेकडं गेले.

विसोबानं कोळसा उचलला. स्वतःचं नाव लिहायला गेला आणि पहिल्याच अक्षराशी थांबला. इतकी वर्षं आपण माणसांची नावं अशीच टांगत आलो आणि वर त्यांनाच आळशी म्हणालो, या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं तारेवरचे सगळे कंदील उतरवले, तार सोडली आणि आपला काळा कंदील मधल्या पाटावर ठेवला.

"माझं कुठं चुकलं, ते बघा जरा," तो म्हणाला.

सगळे पाटाभोवती गोळा झाले. मग काच बसवणारी सगुणा हळूच म्हणाली, "मालक, माझाही असाच गुदमरला होता. मग मी खाली बारीक भोकं पाडली. पण वारा वरून शिरतो. घरी कणगीमागं लपवलाय."

हे ऐकून पत्रा ठोकणारा भिवा डोकं खाजवत उठला. त्यानं दुहेरी टोपण करून पाहिलं होतं आणि ते माळ्यावर दडवलं होतं. मग काय, ज्याच्या त्याच्या घरातून फसलेले कंदील बाहेर निघू लागले. विसोबा बघतच राहिला. ज्यांना तो आळशी म्हणत होता, त्यांच्या घराघरात नवा कंदील अर्धामुर्धा होऊन पडला होता.

सगुणाची भोकं आणि भिवाचं टोपण एका कंदिलात बसलं. जत्रेच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला सगळे तो घेऊन नाईकाबरोबर खिंडीत गेले. वारा सुटला. ज्योत वाकली, निळी झाली, सगुणानं डोळे मिटून घेतले. आणि ज्योत पुन्हा सरळ उभी राहिली. नाईकानं कंदील उचलून गोल फिरवला, खाली ठेवला आणि सगळ्या तांड्यासाठी असेच कंदील मागितले. विसोबाला किती दिवसांनी धड श्वास घेता आला.

कडं कुणाचं, हे मात्र कुणालाच ठरवता येईना. विसोबानं ते विकून सगळ्यांना पुरणपोळीचं जेवण घातलं.

पुढं एकदा रस्त्यानं जाणाऱ्यानं सवयीनं विचारलं, "आज कुणी दिवे लावले हो?"

"मीच," विसोबा आतून म्हणाला. "या, बसा. कुठं चुकलंय ते आम्ही बघतोय."

तात्पर्य: चुकलेलं काम जिथं निर्भयपणे दाखवता येतं, तिथंच नवं काम जन्माला येतं.