मोहरी शिसं प्यायली

शेताच्या कोपऱ्यात, मातीखाली, एक गांडूळ राहायचं. एवढंस्सं!

एकदा कुणीतरी आलं. तिथं जुन्या बॅटऱ्या फोडल्या आणि निघून गेलं. शहाणंच म्हणायचं! बॅटऱ्यांतलं शिसं मातीत मुरलं. शिसं म्हणजे विष. माती चावायला लागली.

बिचारं गांडूळ वर आलं. वर तर ऊनच ऊन!

सुळुक सुळुक, गांडूळ गेलं मोहरीच्या दाण्यांकडे.
"मोहरीबाई, मोहरीबाई, शिसं पिऊन टाक ना! शिसं जाईना, माती चावते, मी कुठं राहू?"
"पिईन की! पण पाणी कुठाय? पाटाला सांग."

सुळुक सुळुक, गांडूळ गेलं पाटाकडे.
"पाटदादा, पाटदादा, पाणी दे ना! मोहरी रुजेना, शिसं जाईना, माती चावते, मी कुठं राहू?"
"देईन की! पण माझं दार बंद. हौसाक्काला सांग."

सुळुक सुळुक, गांडूळ गेलं शेतवाल्या हौसाक्काकडे.
"हौसाक्का, हौसाक्का, दार उघड ना! पाणी येईना, मोहरी रुजेना, शिसं जाईना, माती चावते, मी कुठं राहू?"
"उघडीन की! पण ती विषारी मोहरी माझी शेळी खाईल. तिला सांग."

सुळुक सुळुक, गांडूळ गेलं शेळीकडे.
"शेळीताई, शेळीताई, मोहरी खाऊ नको ना! दार उघडेना, पाणी येईना, मोहरी रुजेना, शिसं जाईना, माती चावते, मी कुठं राहू?"
"बें! हिरवं दिसलं की मला राहवत नाही. बोरीला सांग, मोहरीभोवती काटे लाव."

सुळुक... सुळुक... गांडूळ दमलं. कोरडं पडलं.
"बोरीआजी, बोरीआजी, काटे दे ना! शेळी ऐकेना, दार उघडेना, पाणी येईना, मोहरी रुजेना, शिसं जाईना, माती चावते, मी कुठं राहू?"
"अगं बाई! किती सुकलास रे बाळा! घे माझ्या फांद्या. आणि तू बस सावलीत, ओल्या पाल्यात."

हौसाक्कानं मोहरी पेरली, काट्यांचं कुंपण केलं. शेळी अडली, बें! दार उघडलं, खट! पाणी आलं, खळखळ! मोहरी रुजली, शिसं प्यायली, गट गट गट!

मोहरी वाढली. हौसाक्कानं उपटली आणि सवयीनं निघाली उकिरड्याकडे. तिथंच तर खत बनायचं!
"अगं अगं अगं!" गांडूळ ओरडलं. "खत शेतात जाईल, शिसं परत येईल!"
"अगो बया, खरंच की!"
मोहरी गेली पिंपात. झाकण लावलं, घट्ट! विषारी कचऱ्याची गाडी आली, पिंप लांब घेऊन गेली.

हौसाक्कानं पुन्हा पेरली, पुन्हा उपटली. पुन्हा पेरली, पुन्हा उपटली. शिसं काही लवकर सरत नाही हं!

मग एके दिवशी गांडुळानं मातीत शेपूट घातलं. हळूच.
"चावते का रे?" हौसाक्कानं विचारलं.
"नाही चावत!"
सुळुक! गांडूळ आत गेलं.

हौसाक्कानं पायातल्या चपला काढल्या. शेळीला म्हणाली, "हळू चाल गं. खाली बाळ झोपलंय."