ओटी भरून दिलेले खाचर

सादडवाडीच्या खालच्या अंगाला, जिथे पठार संपते आणि घाट उतरायला लागतो, तिथे उंबराखाली एक चौथरा आहे. त्यावर मूर्ती नाही. शेंदूर फासलेले खोऱ्याचे एक झिजलेले पाते उभे रोवले आहे आणि शेजारी दुसरे खोरे, रोजच्या वापरातले, टेकवून ठेवलेले असते. पाठीवर बिऱ्हाड बांधून गडामागून गड करत येणारी तुम्ही मंडळी इथे पोचलात की आधी सावली शोधता, मग पाणी, मग मोबाइलला रेंज. पहिल्या दोन गोष्टी मिळतात. पण घाटात पाय टाकण्याआधी प्रत्येकाने ते खोरे उचलायचे, डावीकडच्या चरातला गाळ एक खोरेभर ओढायचा आणि काठावर टाकायचा, ही इथली रीत. नारळ नको, फूल नको, दक्षिणा तर मुळीच नको.

कोणी हसते. हसू द्यावे. मी या वाटेवर वाटाड्या म्हणून म्हातारा झालो आणि स्वभावाने हट्टी आहे. गाळ ओढल्याशिवाय मी कोणाला खाली नेत नाही, मग तो कितीही घाईत असो. दोन डोंगरांपलीकडच्या घाटात मोठ्या हौसेने सिमेंटच्या पायऱ्या बांधल्या होत्या. पाण्याने त्या खालून पोखरल्या, आता तिथे शेळीसुद्धा जपून उतरते. आमची वाट साधी मातीची आणि दगडाची, पण पोरेबाळे घेऊन उतरा, पाय घसरणार नाही. हे आमच्या हुशारीमुळे नाही. ती ठकूची करणी आहे, असे सांगतात.

फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा या घाटाने बैलांच्या पाठीवरून मीठ वर यायचे आणि हिरडा खाली जायचा. कोकणातल्या वावळी गावची ठकू लग्न होऊन वर सादडवाडीला आली, बुधाच्या घरात. वावळी म्हणजे घाटाच्या अगदी पायथ्याचे गाव. पठाराच्या टोकावर उभे राहिले की तिथल्या चुलींचा धूर दिसतो. तिला बाप नव्हता, भाऊ नव्हता. एक आई, तीही डोळ्यांनी अधू होत चाललेली. लेक वर देताना आईने एकच शब्द मागून घेतला होता, की पाऊस सरला की ठकूने खाली यायचे. ठकूने तो दिला आणि दर वर्षी पाळला.

पण वाट दर वर्षी मोडायची. पावसाळाभर पठारावरचे सगळे पाणी घाटाच्या तोंडातून घुसायचे आणि दगड, माती, झाडांच्या मुळ्या, जे सापडेल ते घेऊन खाली कोसळायचे. मग माणसे हिवाळाभर दगड रचायची, आणि पुढच्या आषाढात ते दगड दरीत. देवी कोपली आहे असे सगळे म्हणत. मिरगाच्या आधी बकरे पडायचे, वाटा घरोघर जायचा, आणि देवी काही शांत व्हायची नाही.

खरे कारण गावात सगळ्यांना ठाऊक होते, म्हणे. पठारावरचा ओहोळ मुळात भाताच्या खाचरांमधून वाहायचा. कधी काळी आजे-पणज्यांनी बांध घालून तो वळवला आणि घाटाच्या तोंडात सोडून दिला, कारण वाट आयतीच खोलगट होती आणि तिथे कोणाचे पीक नव्हते. शेताला धनी होता, वाटेला कोण? तो बांध फोडावा असे कोणी बोलत नव्हते, कारण फोडला तर पाणी कोणाच्या ना कोणाच्या खाचरात जाणार होते. त्यापेक्षा बकरे स्वस्त पडायचे.

एका वर्षी घाटाचा गळाच तुटला. ऐन मधला, कड्याला चिकटून जाणारा तुकडा दरीत गेला. त्या वर्षी दोर लावून माणसे कशीबशी उतरली, ठकूही उतरली. आईने तिचा चेहरा हाताने चाचपून पाहिला, तेव्हा ठकूला कळले की आईला आता दिसत नाही. ती परत वर आली तो गावात बैठक बसली होती. गावचा कारभारी रावजीबुवा म्हणाला की ही वाट आता सोडून द्यावी, मिठासाठी दूरच्या मोठ्या घाटाने बैल न्यावेत. सगळ्यांनी माना हलवल्या. बैलांना चार मुक्काम जास्त पडले तर काय बिघडणार होते? पण त्या फेऱ्याने बाईमाणसाला माहेरी कोण सोडणार, आणि आंधळ्या आईकडे कोण पाहणार? वाट गेली की आई गेली, हे ठकूला तिथल्या तिथे कळले.

बैठकीत बायका बोलत नसत. ठकू कडेला उभी होती ती डोक्यावरचा पदर सावरून पुढे आली.

"देवीला बकरं नगंय," ती म्हणाली. "पान्याला त्याची वाट द्या, मंग मान्साला त्याची ऱ्हाईल. बांध फोडा. पानी आमच्या खाचरातनं जाऊ द्या."

बुधाचे ते खाचर उतारावर सगळ्यात खाली होते, अगदी कड्याच्या काठाला. पठारावरची सगळी काळी माती वाहत येऊन तिथेच साठलेली. गावात वासाचा भात पिकायचा तो त्या एका खाचरात, आणि बुधाच्या घरात दुसरे म्हणावे असे शेत नव्हते. रावजीबुवाने बुधाकडे पाहिले. बुधा उठून घरी गेला.

तो दोन वेळा जेवला नाही, असे सांगतात. बायकोवर हात उचलणारा गडी नव्हता तो, पण रागाने त्याचे तोंड काळे पडले होते. शेवटी त्याने विचारले, आपण खायचे काय? ठकूकडे उत्तर तयार होते.

"उताराच्या वरकस रानात नाचनी करू," ती म्हणाली. "भात मी आईकडनं आनीन. वाट ऱ्हायली तर आनीन ना."

बुधा हसला, म्हणे. तो हसला म्हणूनच ही गोष्ट पुढे गेली, असे माझे मत आहे.

मिरगाच्या तोंडावर बांध फोडायचे ठरले. त्याच्या आदल्या दिवशी ठकूने खाचर नांगरून घेतले आणि घरातले होते नव्हते ते वासाच्या भाताचे बी त्यात पेरले. गावाने कपाळाला हात लावला. उद्या जे वाहून जाणार त्यात बियाणे कोण घालतो? ठकू म्हणाली की लेकीलासुद्धा आपण रिकामी पाठवत नाही, ओटी भरून पाठवतो. मग एवढे शेत देतेय ते रिकामे कसे देऊ? तिने बांधावर हळदकुंकू वाहिले. मग बुधाने स्वतः खोरे घेतले आणि बांध फोडला. पाण्याला खाचराकडे नेणारा चर खणून दिला तो ठकूने. काम झाल्यावर तिने इथेच, या उंबराखाली, देवीच्या नावाने ते खोरे ठेवले आणि गावाकडून शब्द घेतला: मी शेत दिले, आता जो या वाटेने उतरेल त्याने चरातला एक खोरे गाळ काढावा. चर बुजला तर माझे शेत फुकट गेले.

पाऊस आला आणि पाणी त्या खाचरातून गेले. एकाच दिवसात सगळी माती, सगळे बी कड्यावरून खाली गेले आणि उघडा कातळ राहिला. ठकू बांधावर उभी राहून रडली. शहाण्यासारखे बोलली म्हणून तिला दुःख झाले नाही असे कोणी समजू नये. तिचे ते अन्न होते.

पण त्या हिवाळ्यात दगड रचावे लागले ते फक्त मधल्या तुटलेल्या तुकड्याला, तेही आधीच्या पावसाने नेलेल्या. बाकीची वाट जशीच्या तशी होती. त्याआधी, दसऱ्याच्या सुमारास, ठकू एका हाताने कडा धरत तो तुकडा ओलांडून खाली उतरली. वावळीच्या शिवारात शिरली तेव्हा तिची आई दारात उभी होती. दिसत नव्हते, तरी तोंड घाटाकडे होते.

"ये गं," आई म्हणाली. "तू येनार ते मला ठावं हुतं. तुजं शेत तुज्या आदुगर आलंय."

ठकूने पाहिले. आईच्या घरामागे, कड्यावरून पडणारे पाणी जिथे विसावते तिथे, कोकणच्या तांबड्या मातीवर काळ्या मातीचा जाड थर बसला होता. आणि त्या मातीत भात उभा होता, निसवलेला, लोंब्या धरलेला, पठारावरचा. आईला तो दिसला नव्हता. पहाटे वारा सुटला तेव्हा तिने तो वासावरून ओळखला होता.

त्या वर्षी ठकू आपल्याच शेतातला भात पाठीवर घेऊन घाट चढून घरी आली. बुधाला तिने वाढला तेव्हा तो काय म्हणाला, हे मात्र कोणी सांगत नाही.

तर उचला खोरे. काठावर टाका, वाटेत नको. खाली जाताना कुठे चिखल लागला तर बूट वाचवायला कडेने जाऊ नका. कड तुटली की पाणी तिथून शिरते. आजही दर दसऱ्याला वावळीची एखादी लेक भाताची पहिली लोंबी घेऊन हा घाट चढते आणि या पात्यापुढे ठेवते. आजही वावळीच्या तांबड्या शिवारात एकच खाचर काळ्या मातीचे आहे. त्याला लेकीचे खाचर म्हणतात आणि वासाचा भात त्या एकट्यातच पिकतो. माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका. संध्याकाळपर्यंत तुम्ही तिथे पोचाल आणि स्वतःच पाहाल, कारण वाट शाबूत आहे.