ओल लागली!

मुलांनो, माणसे समुद्राच्या तळाला भोके पाडून तेल शोधतात, हे तुम्ही ऐकले असेल. ही गोष्ट जनावरांची आहे, आणि तेलाची नसून पाण्याची आहे. पण भोके तशीच, आणि भोकांचा निकाल सांगणारेही तसेच.

एका खाडीच्या तोंडाशी कांदळवनाने वेढलेले एक बेट होते. त्यावर एक घूस आपल्या चार पिल्लांना घेऊन राहत असे. खणण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते, आणि हे तिला चांगले ठाऊक होते. बेटावर गोड्या पाण्याचा झरा एकच. त्या वर्षी तो आटत आटत ओंजळभर उरला. पलीकडच्या किनाऱ्यावर जायला एक वाट होती, पण ती अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीलाच, तेही चार सकाळी, उघडी पडे. एरवी तिच्यावर पुरुषभर पाणी.

त्याच बेटावर एक कोल्हा होता. तो स्वतःला जाणकार म्हणवून घेई. ओहोटीला समुद्रात वाळूचा एक लांब दांडा वर येत असे. कोल्हा तिथे गेला, वाळूला कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, "खाली गोडं पाणी आहे. मला ऐकू येतंय." बेटाचा कारभार एका म्हाताऱ्या सशाकडे होता. त्याने ठरवले की झऱ्यातले पाणी आधी खणणाऱ्या घुशीला आणि जाणकाराला द्यायचे, उरले तर बाकीच्यांना. बाकीच्यांत घुशीची पिल्लेही आली, पण तेव्हा कोणाच्या ते ध्यानात आले नाही.

घुशीने पहिला खड्डा खणला. तळाशी वाळू ओली लागली. कोल्ह्याने हुंगून पाहिले आणि शेपूट उंच केली. "ओल लागली!"

सगळे नाचू लागले. वरून टिटवी ओरडली, "अरे, समुद्रात खणताय! ओल नाही लागणार तर काय धूळ लागणार?"

"हिची जीभच काळी," ससा म्हणाला. "ही ओरडली की काहीतरी वाईटच व्हायचं."

दुसऱ्या खड्ड्यात पाणी आले. घुशीने जीभ लावली आणि थुंकली. "मामा, हे खारट आहे."

"छान!" कोल्हा म्हणाला.

"छान कसं?"

"पाणी आहे हे तर ठरलं ना? आता नुसता चवीचा प्रश्न राहिला. खारट इथे लागलं, म्हणजे गोडं शेजारीच."

तिसऱ्या खड्ड्यात कडक, कोरडी चिकणमाती लागली. घुशीची नखे तुटली. कोल्हा तर जास्तच खूश झाला. "हे झाकण आहे. झाकण आहे म्हणजे खाली भरलेलं भांडं आहे!"

टिटवी खाली उतरली. "कोल्होबा, एवढं एकच सांगा. खड्ड्यात काय निघालं म्हणजे तुम्ही म्हणाल, की इथे पाणी नाही?"

"तो अभ्यासाचा विषय आहे," कोल्हा म्हणाला. "आणि तुला काय गं? पंख आहेत, उडून जाशील. तहान आमची आहे." हे सगळ्यांना पटले. शहाण्याला गप्प करायचे असले, की त्याचे पंख दाखवायचे!

एक गोष्ट सांगायची राहिली. प्रत्येक खड्ड्यातून वाळूबरोबर मोठे मोठे, रसदार खेकडे वर येत. कोल्हा ते एकेक करून खाई. कोणी पाहिले तर म्हणे, "नमुने तपासतोय." बेटावर सगळ्यांची हाडे दिसू लागली होती, कोल्ह्याचे अंग मात्र चकाकत होते. घुशीला हे दिसत नव्हते असे नाही. पण कोल्हा चारचौघांत म्हणायचा, "घुशीबाईंसारखं खणणारं सात बेटांत सापडायचं नाही," आणि ती पुन्हा खणायला लागायची.

अमावास्या आली. वाट उघडी पडली. टिटवी बिळावर येऊन म्हणाली, "चार सकाळी आहेत, बाई. पोरांना घेऊन नीघ. पलीकडे तळं आहे, मी पाहिलंय." धाकट्या पिल्लाला डोळे उघडवत नव्हते. घूस कोल्ह्याकडे गेली.

"मामा, खरं सांगा. निघू का?"

"वेडी का काय? तिन्ही खड्डे त्या शेजारच्या उंचवट्याकडेच बोट दाखवतायत. तू गेलीस तर तो खणणार कोण? उद्या पाणी लागेल आणि नाव दुसऱ्याचं होईल."

"एवढं खणून आता सोडायचं?" ससा म्हणाला.

घूस थांबली. तीन सकाळी तिने चौथा खड्डा खणला. चौथ्या सकाळी ती तळाशी पोचली. वाळू ओली होती, पाणी खारट होते, पण या खड्ड्यात एकही खेकडा नव्हता. कोल्ह्याने दोनदा वाकून पाहिले. मग अंग झटकून उठला. "इथे काही नाही. ही जागा संपली," तो म्हणाला. "मी जरा किनाऱ्याकडच्या जागा बघून येतो." आणि उघड्या वाटेने कोरड्या पायांनी चालू लागला.

घूस बिळाकडे धावली. पिल्ले चार, तोंड एकच. तिने धाकट्याला उचलले आणि वाट गाठली. भरती लागली होती. पोटापर्यंतच्या पाण्यातून ती पलीकडे गेली, पिल्लाला तळ्याच्या काठी ठेवले आणि तशीच माघारी पळाली. वाट नव्हती. पुरुषभर पाणी होते, आणि त्यावर टिटवी नुसती ओरडत होती.

पंधरा दिवसांनी वाट पुन्हा उघडली. घूस बेटावर जाऊन आली. तिघांतले कोणी तिच्याबरोबर आले नाही.

परतताना किनाऱ्यावर तिला रानडुकरांचा कळप भेटला. तिथल्या तळ्याचे पाणीही आटू लागले होते. कळपाच्या मधोमध कोल्हा बसला होता. "बेटावर ओल लागली होती, बरं का," तो सांगत होता. "झाकणसुद्धा सापडलं होतं. पण खणणाऱ्यांनी धीर सोडला. आता ही किनाऱ्याची पुळण त्या जागेला लागूनच आहे."

"खारट होतं ते!" घूस ओरडली. "मी चाखलंय!"

डुकरांनी वळून पाहिले. तुटक्या नखांची, चिखलाने माखलेली एक घूस.

"हीच ती," कोल्हा हळूच म्हणाला. "बिचारी."

डुकरांनी माना हलवल्या आणि पुन्हा कोल्ह्याकडे तोंडे केली. "मग मामा, पहिला खड्डा कुठे घ्यायचा?"

तात्पर्य : खड्डा फुकट गेला तरी ज्याचे पोट भरते, त्याला खड्ड्याचा निकाल विचारू नये, आणि आपल्या जिभेला खारट लागलेले पाणी कोणाच्या शाबासकीसाठी गोड मानू नये.