मागची सीट

सरपंच इंद्रजितरावांनी नवी स्पोर्ट्स बाइक आणली आणि पेट्रोल पंपावर दरबारच भरवला. “शेजारच्या गावच्या सरपंच घोरपड्यांची बाइक पंधरा लाखांची, दोनशे ऐंशीनं पळते. माझी बावीस लाखांची, तीनशेनं! काय रेवती, लावतेस तुझ्या स्कूटरची शर्यत?”

स्कूटरवर पेट्रोल भरायला थांबलेल्या, बालवाडीत शिकवणाऱ्या रेवतीला देवळाकडून उन्हात पायी येणाऱ्या सरपंचांच्या म्हाताऱ्या आई दिसल्या.

“लावते की. अट एकच, आपापल्या आईला मागं बसवायचं.”

सरपंच वरमले. “हिला मागं सीटच नाही.”

“माझ्या स्कूटरला आहे, साहेब. आई तेवढी राहिली नाही.”

तोवर पंपावर पोचलेल्या आईसाहेबांनी सगळं ऐकलं होतं. त्या पदर खोचून पुढं आल्या आणि रेवतीच्या खांद्याला धरून मागं बसल्या.

“सावकाश ने गं पोरी. घाई कसली? जिंकलोच आहोत आपण.”